मुलांना बदलता येईल अशी जागा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी कल्पक वर्ग, प्रयोगघरे, सर्जनशील शिक्षणकेंद्रे उभारण्याचा उत्साह सध्या सर्वत्र दिसतो आणि त्याचे स्वागतच करायला हवे. मूल दिवसाचे कितीतरी तास ज्या खोलीत घालवते ती खोली कशी असावी, हा विषय वर्षानुवर्षे बांधकामाचा तपशील म्हणून बाजूला ठेवला गेला; तो आता शिक्षणाचा विषय मानला जाऊ लागला आहे. मात्र अशा जागांचे आराखडे आणि छायाचित्रे पाहताना एक गोष्ट मला सतत खटकते. रंगवलेल्या भिंती, लाटेच्या आकाराची बाके, छताला टांगलेले ग्रह, कोपऱ्यात चकचकीत यंत्र, हे सगळे उद्घाटनाच्या दिवशीच पूर्ण झालेले असते. मुलांनी तिथे यायचे, ठरवून दिलेल्या ठिकाणी बसायचे, ठरवून दिलेल्या रीतीने वस्तू वापरायच्या आणि निघून जायचे. त्यांनी काही हलवावे, जोडावे, मोडून पुन्हा करावे, यासाठी काहीही शिल्लक ठेवलेले नसते. मुलांबरोबर हाताने करायच्या कामांत बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, एखादी जागा मुलांना किती बदलता येते आणि तिथे त्यांचे काम किती दिवस टिकून राहू शकते, यावरूनच ती सर्जनशील आहे की नाही हे ठरवावे.

हा विचार नवा नाही. डेन्मार्कमधील उद्याने व मोकळ्या परिसरांचे रचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी मुलांसाठी अनेक क्रीडांगणे आखली होती. पण मुले त्या नेटक्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या, विटा आणि मातीत अधिक रमतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९४३ साली, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे त्यांच्या कल्पनेतून टाकाऊ साहित्याचे पहिले क्रीडांगण सुरू झाले. तिथे घसरगुंडी, झोपाळा असे काही बसवलेले नव्हते. लाकूड, विटा, दोऱ्या, हातोड्या, फावडी एवढे साहित्य होते, आणि मुलांवर हुकूम न चालवता त्यांच्यासोबत राहणारा एक प्रौढ माणूस होता. मुलांनी तिथे घरे बांधली, ती पाडली आणि पुन्हा बांधली. महायुद्ध संपल्यावर ब्रिटनच्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी हे ठिकाण पाहिले आणि आपल्या देशात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर अशीच क्रीडांगणे व्हावीत म्हणून त्या झटल्या. पुढे १९७१ साली ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी या अनुभवामागचे तत्त्व मोजक्या शब्दांत मांडले : एखाद्या परिसरात हलवता, जोडता, बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या प्रकारच्या असतील, तितकी तिथे कल्पकतेला आणि शोधाला संधी जास्त. साहित्याशी खेळण्याचा, मापे जुळवण्याचा, चुकून पुन्हा करून पाहण्याचा सगळा आनंद रचनाकार आणि बांधकाम करणारे स्वतःच घेऊन टाकतात आणि मुलांच्या वाट्याला तयार वस्तू येते, अशी त्यांची तक्रार होती. पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी ती तक्रार तशीच्या तशी लागू पडते.

याचा अर्थ रचनाकाराने काहीच करू नये असा मुळीच नाही. उलट, मुलांना बदल करता येईल अशी जागा आखणे हे अधिक कसबाचे काम आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९६० च्या दशकात आखलेल्या माँटेसरी शाळेचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. शाळेच्या सामाईक दालनात मधोमध त्यांनी विटांचा एक भरीव चौथरा बांधला. वाटेत येणारा हा ओटा कशासाठी, असे कोणालाही वाटेल. पण मुलांनी त्यावर बसणे, उभे राहून नाटुकले करणे, त्याच्या कडेला काम मांडणे, त्याच्याभोवती जमणे सुरू केले. त्यातून लाकडी भाग बाहेर ओढले की तो मोठा रंगमंच होतो. बालवर्गाच्या दालनात त्यांनी याच्या नेमके उलट केले : जमिनीत एक चौकोनी खळगा ठेवला आणि तो सुट्या लाकडी ठोकळ्यांनी भरला. ठोकळे बाहेर काढले की बसायला आसने होतात, एकमेकांवर रचले की बुरूज होतो, ओळीने मांडले की आगगाडी होते, आणि रिकाम्या झालेल्या खळग्यात मुलांचा घोळका उतरून बसतो. चौथरा काय किंवा खळगा काय, दोन्ही अगदी साधे आहेत. पण त्यांचा उपयोग रचनाकाराने ठरवून टाकलेला नाही आणि मुलांनी शोधून काढावा इतका आधार मात्र जरूर दिलेला आहे. नुसती मोकळी खोली हा आधार देत नाही. रिकाम्या दालनात मुले बहुधा पळापळ करतात आणि थोड्या वेळाने कंटाळतात.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ प्रत्येक आराखड्यात दुर्लक्ष होते तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. दहा वर्षांची एखादी मुलगी पुठ्ठ्याचा पूल तयार करत असते. दोन खांब उभे झालेले आहेत, तिसरा एका बाजूला कलतो आहे, डिंक ओला आहे आणि वर ठेवलेले पुस्तक पुलाला पेलते की नाही हे पाहायचे राहिले आहे. तेवढ्यात तास संपतो. टेबल दुसऱ्या गटाला हवे असते, म्हणून तो ओला पूल उचलून कपाटावर ठेवला जातो, कपाटावर आधीच चार वस्तू असतात, आणि दुसऱ्या दिवशी तो दबलेला सापडतो. असे दोनतीनदा झाले की ती मुलगी एका तासात संपेल असेच काम हाती घेऊ लागते. तिची हौस कमी झाली असे मोठ्यांना वाटते, पण खरे तर तिच्या कामाला रात्रभर राहायला जागा मिळालेली नसते. सर्जनशील काम एका बैठकीत क्वचितच पूर्ण होते. ते अर्धवट राहते, डोक्यात घोळत राहते आणि दुसऱ्या दिवशी नव्या नजरेने पुढे जाते. म्हणून अर्धवट कामांसाठी उथळ, रुंद, मुलांचा हात पोहोचेल अशा मांडण्या, प्रत्येक गटाला आपला म्हणता येईल असा एक खण, आणि आठवडाभर कोणी हलवणार नाही असे निदान एक मोठे टेबल, या गोष्टी मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा अधिक गरजेच्या वाटतात. जागा अपुरी असेल तर भिंतीवर दुमडता येणाऱ्या फळ्या किंवा चाके लावलेले उंच रॅक चालतील. पण आराखडा काढतानाच त्यांची जागा धरलेली असली पाहिजे, कारण इमारत झाल्यावर अशा गोष्टींना कधीच जागा उरत नाही.

साहित्याचेही तसेच आहे. कुलूपबंद कपाटातले साहित्य मुलांच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. लाकडाचे तुकडे, तारा, कापड, बुचे, पुठ्ठे हे प्रकारानुसार वेगळे करून उघड्या डब्यांत समोर दिसत असतील, तर नुसते पाहतानाही मुलांना कल्पना सुचतात. आणि तेच सगळे एका पेटाऱ्यात कोंबलेले असेल तर ते कचऱ्यासारखे दिसते आणि तशीच वागणूक मिळवते. इटलीतील रेज्जो एमिलिया या शहराच्या बालशाळांनी हे फार गांभीर्याने घेतले. दुसरे महायुद्ध संपताच जवळच्या एका खेड्यातील लोकांनी, माघार घेणाऱ्या सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली. तिथून सुरू झालेल्या या कामाला लोरिस मालागुत्सी यांनी विचारांची बैठक दिली आणि १९६३ पासून तेथील नगरपालिकेने स्वतःच्या बालशाळा उघडल्या. त्या शाळांत प्रत्येक ठिकाणी एक कलाकक्ष असतो, त्यासाठी कलेचे शिक्षण घेतलेली व्यक्ती नेमलेली असते, आणि परिसराला मुलांचा एक शिक्षकच मानले जाते. भिंतींवर तिथेही चित्रे असतात. पण ती मुलांच्या चालू कामाची, त्यांच्या बोलण्याच्या नोंदींसह लावलेली असतात आणि काम पुढे सरकते तशी बदलत राहतात.

भिंतींचा विषय निघाला म्हणून सजावटीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. जितके रंग आणि चित्रे जास्त तितकी जागा बालस्नेही, असा एक दृढ समज आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बालवर्गातील २४ मुलांना काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले गेले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष विचलित होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते, तर मोकळ्या खोलीत ते सुमारे २८ टक्के होते. धड्यांनंतरच्या प्रश्नांची अचूक उत्तरेही मोकळ्या खोलीत जास्त आली. प्रयोग छोटा होता आणि त्यावरून भिंती कोऱ्याच ठेवाव्यात असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ब्रिटनमधील सॅलफर्ड विद्यापीठाचे पीटर बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ शाळांतील १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलांचा अभ्यास करून २०१५ साली जे मांडले ते अधिक समतोल आहे. मुलांच्या वर्षभरातील प्रगतीत जो फरक दिसला, त्यातील सुमारे १६ टक्के फरक वर्गखोलीच्या भौतिक गुणांशी जोडता आला. दृश्य गजबजाट अगदी कमी असणे आणि अतोनात असणे, दोन्ही मुलांना मानवत नाही. मध्यम प्रमाण सर्वांत चांगले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या परिणामाचा सुमारे निम्मा भाग प्रकाश, तापमान आणि हवा यांचा होता, तर आणखी सुमारे पाव भाग खोलीशी जुळलेल्या आपलेपणाचा आणि खोलीच्या लवचिकतेचा होता. म्हणजे खिडकी नीट उघडते की नाही, दुपारच्या उन्हाची तिरीप फळ्यावर येते की नाही, हवा खेळती आहे की कोंदट, या गोष्टींचा हिशेब रंगाच्या डब्यांआधी व्हायला हवा.

आवाजाबाबत तर मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण नव्या रचनांमध्ये सर्वाधिक गफलत तिथेच होते. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटन आणि अमेरिकेत भिंती काढून टाकलेल्या मोठमोठ्या खुल्या वर्गशाळा बांधल्या गेल्या. हेतू उदात्त होता. मुलांनी मुक्तपणे फिरावे, एकमेकांकडून शिकावे. पण एका गटाचे गाणे दुसऱ्या गटाच्या गणितात शिरू लागले आणि पुढे कित्येक ठिकाणी कपाटे, पडदे आणि अखेर भिंती पुन्हा आल्या. गोंगाटात शब्द ओळखण्याची क्षमता लहान मुलांमध्ये प्रौढांइतकी विकसित झालेली नसते, हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. आपल्याला जे वाक्य नीट ऐकू येते, त्यातले दोन शब्द सात वर्षांच्या मुलाच्या हातून निसटलेले असतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्या किंवा वर्गातल्या भाषेहून वेगळी मातृभाषा असणाऱ्या मुलाची अडचण त्याहून मोठी असते. अमेरिकेतील मानकानुसार नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गखोलीत पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा आणि आवाज रेंगाळण्याचा काळ ०.६ सेकंदापेक्षा जास्त नसावा. गुळगुळीत फरशी, काच आणि काँक्रीटचे उंच छत यांनी सजलेले दालन छायाचित्रात देखणे दिसते, पण तीस मुले आत आल्यावर तिथे कोणाचेच बोलणे कोणाला कळत नाही. छताला आवाज शोषणारे साहित्य लावणे, ठोकाठोकीचे काम आणि वाचनाचे काम यांच्यामध्ये भिंत किंवा निदान अंतर ठेवणे, आणि ज्याला गर्दी सोसवत नाही अशा मुलासाठी तीन बाजूंनी बंद असलेला एक छोटा शांत कोपरा असणे, ही चैन मानता येणार नाही.

उंचीचा प्रश्न सोपा आहे आणि तरीही पुन्हा पुन्हा चुकतो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि लवकरच मुलांना स्वतः उचलता येतील अशी लहान, हलकी टेबले-खुर्च्या बनवून घेतल्या. शिकागोजवळच्या विनेट्का येथील क्रो आयलंड शाळा १९४० साली उघडली तेव्हा तिथे दिव्यांची बटणे आणि दारांच्या मुठीही मुलांच्या हाताच्या उंचीवर होत्या, आणि प्रत्येक वर्गाला लागून पाण्याची सोय असलेला कामाचा कोपरा होता. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटीमीटर असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून एक मीटरच्या थोडेसेच वर असतात. मुलांच्या कामाची प्रदर्शने मात्र मोठ्यांच्या नजरेच्या रेषेत, दीड मीटरवर टांगलेली असतात. आणि पाण्याचा नळ! रंग, माती, खळ यांचे काम जिथे व्हायचे तिथे नळ खोलीतच हवा आणि तो मुलाला टाच न उचलता उघडता आला पाहिजे. नळ बाहेरच्या व्हरांड्याच्या टोकाला असेल, तर ब्रश धुवायला जाणे हीच परवानगी मागण्याची बाब होते, आणि मग शिक्षकही कोरड्या कामांनाच पसंती देतात. चाकांची खुर्ची वापरणारे मूल टेबलाखाली गुडघे घेऊन जवळ बसू शकते का आणि त्याच मांडणीतून स्वतःच्या हाताने साहित्य काढू शकते का, हेही याच वेळी पाहायचे असते. उतार बांधून दारातून आत घेतले एवढ्याने काम होत नाही.

किशोरवयीनांना या साऱ्या चर्चेत बहुधा कोणी मोजतच नाही. बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींना छोट्यांच्या रंगीत खोलीत अवघडल्यासारखे होते, मोठ्यांच्या जागेत त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि जिथे त्यांचे स्वागत असते तिथे बहुधा काहीतरी विकत घ्यावे लागते. १९९३ साली बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात मिचेल रेझनिक, नॅटली रस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक संगणक-मंडळ सुरू केले. संगणकांच्या रांगा करण्याऐवजी त्यांनी ते असे मांडले की शेजारच्याचे काम सहज दिसावे, खुर्च्यांना चाके लावली की उठून जाणे सोपे व्हावे, आणि खोलीच्या मधोमध एक मोठे हिरवे टेबल ठेवले ज्यावर संगणक नव्हता. त्या टेबलाशी मुले आखणी करत, वस्तू जोडत, काही वेळा नुसतीच गप्पा मारत बसत. त्या गप्पांना वेळेचा अपव्यय मानले असते, तर तो उपक्रम पुढे इतर शहरांत आणि देशांत पसरला असता असे मला वाटत नाही. या वयात कामाची सुरुवात ओळखीतून आणि बोलण्यातून होते. म्हणून त्यांच्या जागेत विनाकारण बसण्याची मुभा, टिकाऊ आणि खरी अवजारे, मोठ्याने संगीत करता येईल अशी वेगळी खोली, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या सोयीच्या वेळा असाव्यात. संध्याकाळी पाचला कुलूप लागणारी जागा शाळा, शिकवणी आणि घरकाम यांत अडकलेल्या मुलामुलींसाठी अस्तित्वातच नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, हा नियम त्यांनी प्रत्यक्ष पाळला. जागेची आखणी करताना वेळ आणि अंतर हेही आराखड्याचेच भाग असतात, ही दृष्टी त्या कामात होती.

अशी जागा सुरक्षित राहील का, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. खिळा वर आलेली फळी, सैल पाते, निसरडी पायरी हे धोके मुलाला दिसत नाहीत, आणि ते दूर करणे हे मोठ्यांचे काम आहे. पण उंचीवर चढणे, करवत चालवणे, गरम डिंक वापरणे यांतली जोखीम मुलाला दिसते आणि ती पेलायला ते शिकते, जर शेजारी लक्ष देणारा जाणकार माणूस असेल तर. एमड्रुपपासून आजवर अशा सर्व जागा त्या माणसाच्या बळावर चालल्या आहेत. इमारतीसाठी निधी मिळतो आणि माणसाच्या पगारासाठी मिळत नाही, म्हणून कितीतरी सुंदर दालने वर्षभरात गोदाम होतात.

मुलांना विचारून जागा आखा, असे आता सगळेच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बाराव्या कलमाने मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला योग्य वजन मिळण्याचा हक्क दिला आहे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या आणि त्यांतील खालच्या तीन, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नाममात्र विचारणे, यांना सहभाग म्हणताच येत नाही असे सांगितले. आराखडा मंजूर झाल्यावर भिंत निळी हवी की पिवळी हे विचारणे तिसऱ्या पायरीच्या पुढे जात नाही. त्याऐवजी मुलांबरोबर जुन्या जागेतून फिरावे आणि त्यांना कुठे थांबावेसे वाटते, कुठे भीती वाटते ते दाखवायला सांगावे. मोठ्या पुठ्ठ्यांनी भिंती आणि टेबले खऱ्या मापात उभी करून त्यांना आठवडाभर त्यात वावरू द्यावे. आणि मोठ्यांनी त्या काळात बोलण्यापेक्षा पाहावे अधिक. मुले शब्दांत जे मागतात त्यापेक्षा ती प्रत्यक्षात कुठे जाऊन बसतात, हे रचनाकाराला जास्त शिकवते. टेबलाखाली, जिन्याच्या कोनात, खिडकीच्या खोल चौकटीत ती हमखास सापडतात, आणि अशा जागा कोणत्याच मागणीपत्रात नसतात.

शेवटी एक व्यवहाराची सूचना आणि एक विनंती. अशा जागेसाठी मंजूर झालेला सगळा निधी उद्घाटनापूर्वी खर्च करण्याची पद्धत बदलली पाहिजे. त्यातील एक ठरावीक हिस्सा पहिल्या वर्षाच्या वापरानंतर करायच्या बदलांसाठी, आणि तो बदल मुलांच्या समितीच्या सल्ल्याने करण्यासाठी, राखून ठेवावा. आणि साहित्याचा व प्रशिक्षित व्यक्तीच्या मानधनाचा वार्षिक खर्च मंजुरीच्या वेळीच लिहून घ्यावा. आपल्या दैनिकाला विनंती अशी की, अशा केंद्रांच्या उद्घाटनाची बातमी जरूर छापावी, पण वर्षभराने आपला वार्ताहर तिथे पुन्हा पाठवावा. मांडण्यांवर अर्धवट कामे आहेत का, टेबलांची जागा बदललेली आहे का, कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत आणि दार किती वाजता बंद होते, एवढे त्याने पाहून लिहिले, तरी पुढच्या केंद्राचा आराखडा काढणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक